सोयावडीची टिकिया, अंडे आणि पाकिटावरची खूण



आज आपण सोयावडीच्या टिकियेविषयी, म्हणजे कबाब किंवा कटलेटसारख्या पदार्थाविषयी बोलणार आहोत. विषय स्वयंपाकघरातला वाटेल, पण तो शेताशी आणि बाजाराशीही बांधलेला आहे. वाळूज, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर या भागात ज्या भगिनी बचत गटातून नाश्त्याचे पदार्थ करून विकतात किंवा विकू पाहतात, त्यांच्यासाठी हे बोलणे मुद्दाम आहे.

प्रश्न असा. मटणाच्या चवीची आठवण करून देणारा शाकाहारी पदार्थ करताना तो तव्यावर फुटू नये म्हणून त्यात अंडे घालावे का? घातले तर गिऱ्हाइकाला काय सांगावे? आणि न घालता काम भागते का?

उत्तर आधीच देऊन ठेवते. अंड्यावाचून काम उत्तम भागते. अंडे घालायचेच असेल तर जरूर घाला, त्यात गैर काही नाही. पण मग तो पदार्थ शाकाहारी म्हणून विकू नका. आता हे असे का, ते सविस्तर पाहू.

मासवडीत मासा नसतो

मांसाची आठवण देणारा शाकाहारी पदार्थ ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. आपल्याकडून नगर-पुण्याच्या रस्त्याला लागले की जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या बाजूला मासवडी होते. बेसन शिजवून थापायचे, त्यात तीळ, खोबरे, कांदा-लसणाचे सारण भरायचे, माशासारखा आकार द्यायचा, आणि वड्या कापून तिखट रश्श्याबरोबर वाढायच्या. नावात मासा आहे, आकारात मासा आहे, पण आत माशाचा काटासुद्धा नाही. आपल्या मराठवाड्यातली पाटवडी घ्या. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, आणि जेवणाऱ्याला मटणाची आठवण सुद्धा होऊ नये असा बेत.

आता सांगा, पाटवडी बांधून यावी म्हणून तिच्यात कुणी अंडे फोडले होते का? नाही. बेसनात पिष्ट आहे, प्रथिने आहेत. पाण्यात कालवून शिजवले की ती फुगतात, एकमेकांना धरतात आणि थंड झाल्यावर वडी सुरीने कापता येते. म्हणजे बांधणीची ही विद्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती सोयावडीला लावायची, एवढेच.

वडीत काय असते

सोयावडी पाण्यात भिजली की मऊ, रेशेदार होते आणि मटणाच्या तुकड्यासारखी दिसते. त्यामुळे कित्येक घरांत वडीलधाऱ्या माणसांना शंका येते, की हिच्यात अंडे-मांस काही असेल का? तर नसते. आपण सोयाबीन विकतो ते तेलाच्या कारखान्यात जाते. तेल काढून घेतले की प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. खाण्याजोग्या प्रतीच्या अशा चोथ्याचे पीठ पाण्याबरोबर यंत्रात घालतात. तिथे उष्णता आणि दाब देऊन ते साच्याच्या भोकातून बाहेर ढकलतात. बाहेर येताच आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगते आणि सच्छिद्र वडी तयार होते. साध्या वडीत सोयाबीनखेरीज दुसरे काही लागत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात.

इथे एक सावधगिरी सांगते. घरचे सोयाबीन कच्चे दळून त्याची टिकिया करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे घटक असतात. ते चांगले शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. वडी यंत्रातच तापून आलेली असते, म्हणून टिकियेसाठी ती सोयीची.

तर अंड्याचा प्रश्न वडीत नाही. तो पुढच्या पायरीला येतो. वडी भिजवून, बारीक करून तिची टिकिया थापली की ती सुटी पडते. मग कोणी तरी म्हणते, "एक अंडं फोडून घाल, लगेच बांधून येईल." हल्ली मोबाईलवर पाककृती पाहून करण्याची रीत आहे. त्यातल्या बऱ्याच परदेशी पाककृतींवर ‘व्हेजिटेरियन’ असे लिहिलेले असते आणि खाली साहित्यात अंडे असते. ती त्यांची चूक नव्हे. तिकडे अंडी आणि दूध खाणारा माणूसही स्वतःला शाकाहारीच म्हणवतो. ब्रिटनमध्ये १९८५ साली क्वॉर्न नावाचा मांसाला पर्यायी पदार्थ विक्रीला आला. तो एका प्रकारच्या बुरशीपासून करतात, आणि त्याची बांधणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने करत आले. तिथले शाकाहारी लोक तो आवडीने खातात. पुढे त्याच कारखान्याने अंडे वगळून बटाट्याच्या प्रथिनांवर बांधलेले प्रकारही काढले. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, त्यांचा ‘शाकाहारी’ शब्द आणि आपला ‘शाकाहारी’ शब्द एक नाही. दुसरी, मोठ्या कारखान्यालाही अंड्याशिवाय बांधणी जमते.

अंडे नेमके काय काम करते

अंड्याऐवजी काय घालावे हे कळण्यासाठी अंडे काय करते ते समजून घ्यावे. अंड्यातली प्रथिने कच्ची असताना पातळ असतात. साठ-पासष्ट अंशांपुढे तापली की ती घट्ट व्हायला लागतात आणि आजूबाजूच्या कणांना जाळ्यात धरल्यासारखे धरतात. हे झाले बांधणीचे काम. दुसरे काम ओलावा धरून ठेवण्याचे. तिसरे, वरून रवा किंवा पावाचा चुरा चिकटवण्याचे, आणि चौथे, तळल्यावर खमंग तांबूस रंग आणण्याचे.

काही भगिनी म्हणतील, अंड्याने पौष्टिकताही वाढते. वाढते, पण किती, ते हिशेबाने पाहू. पाव किलो कोरड्या वडीत प्रथिने सुमारे सव्वाशे ग्रॅम. त्यात बटाटा-पीठ घालून पन्नास ग्रॅमच्या वीस-बावीस टिकिया होतात, म्हणजे प्रत्येकीत वडीची सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने धरली, तर दोन अंड्यांची बारा. ती बावीस टिकियांत वाटली की प्रत्येकीला अर्धा ग्रॅम. तेव्हा टिकियेत अंडे जाते ते पोषणासाठी नव्हे, चिकटवण्यासाठी. ज्या घरी अंडी चालतात तिथे मुलाला सबंध उकडलेले अंडे द्यावे, त्याचा उपयोग खरा. अंड्यात बी-१२ हे जीवनसत्त्व असते, ते सोयाबीनमध्ये नाही. जे अंडी खात नाहीत त्यांनी दूध, दही, ताक रोजच्या जेवणात ठेवावे.

आधी पाणी काढा

टिकिया फुटते, त्याचे कारण बहुतेक वेळा अंडे नसणे हे नसते. कारण असते वडीतले पाणी. वडी भिजल्यावर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी सहज पिते. ते नीट पिळून काढले नाही, तर तव्यावर त्याची वाफ होते, ती बाहेर यायला वाट शोधते, आणि टिकियेला भेगा पडतात. अशा ओल्या सारणात अंडे घातले तरी ते सैलच राहते. मग आणखी पीठ घालावे लागते, आणि टिकिया पिठूळ लागते.

म्हणून पहिला उपाय हातांचा. वडी उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. पाणी ओतून द्यावे, गार पाण्यात एकदा खळबळून घ्यावी म्हणजे तिचा उग्र वास जातो, आणि मग मूठ-मूठ घेऊन दोनदा पिळावी. पंचात बांधून वर वरवंटा किंवा जड पातेले अर्धा तास ठेवले तर फार उत्तम. नंतर मिक्सरमध्ये पाण्याचा थेंबही न घालता भरड फिरवावी. अगदी पीठ करू नये. रेशा राहिला पाहिजे, नाही तर चावण्याची गंमत जाते.

अंड्याऐवजी काय घालावे

दुसरा उपाय जवसाचा. जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी होते. जवसाच्या टरफलात एक बुळबुळीत चीक असतो. पूड पाण्यात भिजवली की दहा-पंधरा मिनिटांत ती अंड्याच्या बलकासारखी लिबलिबीत होते. एका अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवावे. पूड लागेल तेवढीच ताजी करावी. जवसात तेल असते, फार दिवस ठेवलेली पूड खवट होते आणि सगळा घाणा बिघडवते.

जवस ओलसर चिकटपणा देतो, पण तापल्यावर अंड्यासारखा कडक होत नाही. म्हणून त्याच्या जोडीला पिष्ट हवे. त्यासाठी उकडलेला बटाटा आणि डाळ्याचे पीठ घ्यावे. डाळे म्हणजे आपण चिवड्यात घालतो ते. ते भाजलेले असल्याने पिठाला कच्चा वास येत नाही आणि राहिलेला ओलावा ते शोषून घेते. बटाटा आदल्या दिवशी उकडून गार केलेला असेल तर जास्त चांगला, तो चिकट होत नाही. बटाटा महाग असेल त्या दिवसांत भिजवून कुस्करलेले जाड पोहे निम्म्या प्रमाणात चालतात.

वरचे आवरण चिकटवायला मक्याचे पीठ किंवा मैदा पाण्यात पातळ कालवावा, टिकिया त्यात बुडवून रव्यात घोळवावी. तळताना ती अंड्यात बुडवलेल्या टिकियेइतकीच कुरकुरीत होते.

सारण मळून झाले की झाकून अर्धा तास ठेवा. घाई करू नका. पीठ फुलायला वेळ लागतो. मग एकच टिकिया तळून पाहा. फुटली तर एक चमचा डाळ्याचे पीठ वाढवा, कोरडी वाटली तर चमचाभर तेल घाला. एक टिकिया वाया गेली तरी चालेल, सगळा घाणा वाया जाऊ नये.

पाकिटावरची खूण काय सांगते

आता बाजाराकडे येऊ. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारात धरले आहेत, अंडे धरलेले नाही. अंडे किंवा अंड्याचा कोणताही अंश असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो. शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल ठिपका असतो. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण आणला, म्हणजे ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत त्यालाही आकारावरून कळावे. जी वस्तू दूध-मधसुद्धा टाळणाऱ्यांसाठी आहे, तिच्यासाठी २०२२ पासून ‘व्हीगन’ पदार्थांचे वेगळे नियम आणि वेगळी खूण आहे.

कोणी म्हणेल, "कोंबडा नसलेल्या शेडमधलं अंडं आहे, त्यातून पिल्लू निघायचं नाही, मग ते शाकाहारीच नाही का?" अंडी उत्पादनाच्या शेडमध्ये कोंबडा नसतो, आणि त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, हे खरेच आहे. ते अंडे खावे की नाही हे ज्याचे त्याने, ज्या घरचे त्या घराने ठरवावे. पण नियमांत असा भेद केलेला नाही. पाव किलो वडीत एक अंडे असो की चमचाभर अंड्याची भुकटी असो, हिरवा ठिपका लावता येत नाही.

अंड्याची गोष्ट ॲलर्जीसाठीही महत्त्वाची आहे. काही मुलांना अंडे सोसत नाही. अंगावर पित्त उठते, उलटी होते, क्वचित श्वास कोंडतो. अशा मुलाची आई पाकीट उलटून वाचते. म्हणून घटकपदार्थांच्या यादीत अंडे असेल तर अंडे, आणि सोयाबीन व गव्हाचा रवा-मैदा असेल तर तेही स्पष्ट लिहावे, कारण हे पदार्थही काहींना चालत नाहीत.

आपले गिऱ्हाईक कोण आहे

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ कितीतरी लहानमोठे कारखाने आले. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून, विदर्भ-खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसे इथे कामाला आली. त्यांच्यात रोज अंडे-मांस खाणारा आहे, फक्त रविवारी खाणारा आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेलाही आहे. इथल्या छोट्या पंढरपुराला आषाढीला किती गर्दी लोटते ते तुम्ही जाणता. त्या गर्दीतला माळकरी दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना तुमच्या गाडीवर थांबणार आहे. तो अंड्याला शिवत नाही. आणि जो एरवी शिवतो, तोही श्रावणात बहुधा शिवत नाही. म्हणजे एकच गिऱ्हाईक आषाढात एक मागते आणि श्रावणात दुसरे.

हा माणूस तुम्हाला साहित्य विचारत बसत नाही. पाळीची वेळ झालेली असते. तो पाटीवरचा ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द वाचतो, पैसे देतो आणि खातो. त्याने तुमच्या शब्दावर आपले व्रत सोपवलेले असते. वीस वर्षे पाळलेली माळ अशी नकळत बाटली, तर त्याची भरपाई कोणत्या पैशाने करणार? आणि ही गोष्ट झाकून राहत नाही. गटातल्या दहाजणींपैकी कुणाच्या तरी तोंडून ती बाहेर येतेच. मग त्या गटाची पापड-कुरडई सुद्धा लोक दोनदा विचार करून घेतात. मोबदल्यात काय वाचले? दोन चमचे जवस आणि अर्धा तास.

दोन माल करा, पण दोन्ही उघड

अंड्याची कोंबडी पाळणाऱ्या बंधूंनी यावर रागावू नये. अंडे लपवू नका, एवढेच म्हणणे आहे. अंडे घालून केलेली टिकिया चवीला चांगली लागते आणि तिलाही गिऱ्हाईक आहे. ‘अंडा-सोया टिकिया’ असे ठसठशीत नाव द्या, तपकिरी त्रिकोण लावा आणि मानाने विका. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे?

मात्र दोन्ही माल करणार असाल तर भांडी वेगळी ठेवा. परात, झारा, तवा, तळणीचे तेल, सगळे वेगळे. अंड्याच्या भांड्यांना लाल रंगाची खूण करून ठेवावी. त्याच तेलात दोन्ही तळून एकीला हिरवा ठिपका लावणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे जमणार नसेल तर दोन्ही माल एकाच दिवशी करू नका, किंवा एकच माल करा.

अंड्याचे सारण लवकर नासते, हेही ध्यानात असावे. तडकलेले अंडे वापरू नये. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहावे, मग सारणात घालावे. असे सारण उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये, मळले की लगेच तळावे, आणि टिकिया मध्यापर्यंत वाफाळेल इतकी शिजू द्यावी. बिनअंड्याचे सारणही शिळे वापरू नये. पण फ्रीजमध्ये सकाळचे संध्याकाळपर्यंत चांगले राहते. पाळ्यांच्या वेळा सांभाळून विकणाऱ्या गटाला याचा मोठा फायदा आहे.

विक्री सुरू करण्याआधी अन्नपदार्थ विक्रेता म्हणून नोंदणी करून घ्यावी. प्रक्रियेविषयी शिकायचे असेल तर आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचे स्वतंत्र महाविद्यालयही आहे.

प्रमाण (सुमारे २० ते २२ टिकियांसाठी, अंड्याशिवाय)

कोरडी सोयावडी २५० ग्रॅम
उकडून गार केलेले बटाटे २५० ग्रॅम
डाळ्याचे पीठ ७५ ग्रॅम
जवसाची पूड २ मोठे चमचे, ६ मोठे चमचे पाण्यात भिजवून
आले, लसूण, हिरवी मिरची वाटून २ मोठे चमचे
काळा मसाला किंवा येसर १ मोठा चमचा
बारीक चिरलेली कोथिंबीर मूठभर
मीठ चवीप्रमाणे (वडी मिठाच्या पाण्यात भिजली आहे, हे लक्षात ठेवून बेताने)

वडी भिजवून, दोनदा पिळून, भरड फिरवावी. सर्व साहित्य मिसळून मळावे. झाकून अर्धा तास ठेवावे. ५० ग्रॅमच्या चपट्या टिकिया थापाव्यात. तव्यावर थोड्या तेलात मध्यम आंचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजाव्यात. खालची बाजू पुरती धरल्याशिवाय उलटू नयेत. बहुतेक टिकिया मोडतात त्या उलटण्याच्या घाईने.

भगिनींनो, आधी पाव किलोचाच घाणा करून पाहा. घरच्यांना खायला द्या, शेजारच्या माळकरी आजोबांनाही द्या. आत काय आहे असे त्यांनी विचारले, तर एकेक जिन्नस न अडखळता सांगता आला पाहिजे. तो सांगता आला की माल बाजारात न्यायला हरकत नाही.